जास्तीचा कागद

काशीराम घाडीबद्दल आमच्या सोसायटीत आजही कुणाला विचारा, "तो? जोडलेल्या नोटा खपवणारा वॉचमन ना?" असंच म्हणतील. म्हणोत मेले. खालच्या टाकीत पाणी किती वाजता येतं ह्यापलीकडे ह्या लोकांना कधी काही धड ठाऊक नसतं. काशीरामने जन्मात कुणाला फसवलं नाही. फसवलं आम्ही. म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि त्याच्या शेजारी तोंड मिटून बसून मीही. साडेतीन वर्षं झाली, आणि हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

मी शुभा कर्णिक. मुलुंड पूर्वेला राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. भाजीवाली मला बघून आधीच भाव उतरवते. आणि जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे नेमकी माझी दातखीळ बसली, त्याची ही गोष्ट.

काशीराम देवगडकडचा. सोळाव्या वर्षी मुंबईला आला आणि लालबागच्या एका मिलमध्ये घडी खात्यात चिकटला. विणून, रंगवून झालेलं कापड शेवटी जिथे तपासतात आणि घड्या घालतात ते हे खातं. बावीस वर्षं त्याने एकच काम केलं. काठाबाहेर आलेला दोरा, लोंबणारी किनार, तिरका सुटलेला तुकडा दिसला की कापायचा. नाही कापला तर तो तागा 'सेकंड'मध्ये जायचा, निम्म्या भावाने, आणि खातेप्रमुख आईबहिणीवरून शिव्या घालायचा. ब्याऐंशीच्या संपात मिल बंद पडली ती पडलीच. वर्षभर त्याने कुठे कुठे हमाली केली, मग त्र्याऐंशीत आमच्या गेटवर वॉचमन म्हणून आला, तीनशे रुपये पगारावर. राहायला भांडुपच्या टेकडीवर एक खोली, तिथून रोज चालत यायचा आणि चालत जायचा. घरी बायको मालन आणि एकच मुलगी, जानकी. मुलीला दोघंही 'माझा चेडू' म्हणायची.

मिल सुटली तरी हाताची सवय सुटली नव्हती. एकदा भर गेटवर "वयनी, जरा थांबा" म्हणून त्याने खिशातून इवलीशी कातर काढली आणि माझ्या साडीच्या फॉलचा लोंबणारा दोरा कचकन कापला. मी अशी तडकले! "काय रे हे, लाज नाही वाटत?" तर म्हणाला, "दोरो दिसलो मां." दोरा दिसला, बस, एवढंच. नोटीसबोर्डावरचे कागदसुद्धा सरळ कापून लावायचा. सेक्रेटरी एकदा म्हणाले, आमचा वॉचमन म्हणजे न्हावी आहे, दिसेल त्याची हजामत करतो. आम्ही सगळे खूप हसलो होतो.

जानकी मात्र पोरगी झकास होती. बारावीला सायन्स घेऊन अठ्ठावन्न टक्के, तेही भांडुपच्या खोलीत, जिथे सगळ्यांनी एकदम पाय पसरले तर दार लागत नाही. तिला नर्स व्हायचं होतं. फॉर्म इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे आली, आणि तो मी माझ्या हाताने भरला. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात तिचा नंबर लागला. डिपॉझिट, गणवेश, पुस्तकं मिळून बाराशे रुपये, तीस जूनच्या आत भरायचे. नाही भरले तर जागा पुढच्या मुलीला. आणि जागा गेली तर जानकी गावाला. काशीरामचा थोरला भाऊ भाऊराव तिकडे स्थळ धरून बसला होता. सहदेव नावाचा अडतीस वर्षांचा माणूस, बायको वारलेली, दोन पोरं, काजूची बाग. बाग दाखवून मुलगी मागत होते. "काकू, नर्स झाले ना, की पहिलं इंजेक्शन तुम्हालाच," असं ती मला म्हणायची. हे सगळं मला माहीत होतं, तारखेसकट. विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

आता आमचे हे. नंदकिशोर कर्णिक, एका औषध कंपनीत अकाउंट्सला. ह्यांना नोटांचं वेड. खर्चायच्या नोटांचं नव्हे, जपून ठेवायच्या नोटांचं. लग्न झाल्यापासून ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालंय. नंबरचे सहाच्या सहा आकडे सारखे असले की नोट मोठी. नंबर पुढून मागून सारखाच वाचला जात असला की मोठी. शेवटी सातशे शहाऐंशी आलं तर पाचाच्या नोटेला दहा देणारे श्रद्धाळू लोक आहेत. आणि छापखान्यात चुकलेली नोट म्हणजे तर दिवाळीच. एकाच नोटेवर दोन जागी दोन वेगळे नंबर, मागची बाजू कोरी, शाई सरकलेली, असलं काही मिळालं की हे रात्रभर झोपायचे नाहीत. वर नोट करकरीत हवी. बँकेच्या पिनेचं भोक पडलं की किंमत उतरली, घडी पडली की निम्मी, चिकटवलेली असली तर केराची टोपली. माझ्या साड्या ट्रंकेत बोळा होऊन पडलेल्या असायच्या, पण ह्यांच्या नोटा प्लॅस्टिकच्या पाकिटात, एकेक निराळी.

काशीरामला हे ठाऊक होतं. सातशे शहाऐंशीची नोट आणून दिली की हे त्याला वर दोन रुपये द्यायचे. म्हणून चौऱ्याऐंशीच्या जूनमधल्या एका रविवारी, चोवीस तारखेला, तो सकाळीच वर आला. पगारातली शेवटची शंभराची नोट वाण्याने नाकारली होती. "बनावट म्हणता. तुमका चलता काय बघा," असं म्हणून त्याने नोट टेबलावर ठेवली.

मी स्वयंपाकघराच्या दारातूनच बघत होते. नोटेच्या उजव्या कोपऱ्याला तीन बोटं रुंद असा तिकोनी जास्तीचा कागद होता, नोटेच्याच कागदाचा, सलग. त्यावर छापखान्याच्या रेघांचा तुकडासुद्धा आला होता. कापतेवेळी कागदाचा कोपरा दुमडलेला राहिला असणार, म्हणून तेवढा भाग सुरीखालून वाचला आणि घडी उलगडल्यावर बाहेर आला. अशी नोट ह्यांनी फक्त एका पुस्तकात पाहिली होती. आणि गंमत म्हणजे नंबरच्या शेवटी सातशे शहाऐंशी. ह्यांचा हात थरथरला. तो थरथरलेला हात काशीरामने पाहिला. कापडातला बारीक दोष हेरणारी नजर त्याची, तिला काय माणसाचा हात दिसणार नाही? तो एकदम सरळ बसला आणि म्हणाला, "सायब, हिचे बाराशे व्हये."

हे भिंग आणायचं निमित्त करून आत आले. "शुभे, तीन हजारांची आहे गं! रंगीत टीव्हीचे निम्मे पैसे!"

"मग द्या त्याला बाराशे," मी म्हणाले. "वर अठराशे उरतात. पोरीची फी आहे ती."

"वेडी आहेस का? त्याला काय कळतंय? दीडशेत देऊन जाईल."

आणि मी गप्प बसले. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर टीव्ही आला. समोरच्या फ्लॅटमधली उत्तरा रविवारचा पिक्चर बघायला बोलवायची आणि वर पायपुसण्याकडे बघायची, आम्ही पाय पुसले की नाही. त्या पायपुसण्याने माझं डोकं फिरवलं होतं. बाराशे दिले तरी निम्म्याहून जास्त आमच्याच पदरात पडत होते. तेवढ्यावर भागलं नाही आमचं.

हे बाहेर गेले आणि तोंड वाकडं करून नोट उलटसुलट करू लागले. घेणाऱ्याने मालाला नावं ठेवायचीच असतात, मीही वांग्याला ठेवते. हे म्हणाले, "नंबर छान आहे रे काशीराम. पण हा कागद लटकतोय ना, ह्याने सगळी घाण केली. दोष आहे हा. दीडशे देतो, बघ."

"ह्यो दोष?"

"दोष नाहीतर काय! हा नसता आणि नोट साफ असती, तर हजार रुपये ह्या हाताने मोजून दिले असते."

काशीरामने हळूहळू मान हलवली. त्याला ते पटलं. त्याच्या साऱ्या आयुष्यात दोष म्हणजे निम्मा भाव. आमच्या घरात दोष म्हणजे तीसपट भाव, हे त्याला कोण सांगणार? मला सांगता आलं असतं. मी पाच पावलांवर उभी होते, हातात उलथनं. त्याने नोट उचलली आणि म्हणाला, "उद्या येतंय."

ह्यांना वाटलं, घरी विचारून दीडशेला हो म्हणायला येईल. मलाही तसंच वाटलं.

सोमवारी संध्याकाळी तो आला तो धुतलेला शर्ट घालून. वर्तमानपत्राच्या घडीतून नोट काढली आणि दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरली. जास्तीचा कागद नव्हता. काठ असा सरळ कापलेला की छापखान्यानेही कापला नसता. "बघा सायब, कसा साफ झाला! आता हजार देवा. वरचे दोनशे मी सोसायटीकडसून उचल घेतंय. जानकीक सांगून इलंय मी."

ह्यांचे डोळे पांढरे झाले. मग हे ओरडले ते केवढ्यांदा! "गाढवा! काय केलंस हे! अरे तो कागदच तीन हजारांचा होता!"

काशीराम हसतच होता. त्याला वाटलं साहेब चेष्टा करताहेत. मग ह्यांनी नोट टेबलावर आपटली, तेव्हा ते हसू आपोआप गेलं. त्याने नोटेच्या कापलेल्या काठावरून अंगठा फिरवला. "पण सायब," तो म्हणाला, "दोष आसा म्हणान तुम्हीच सांगितल्यात."

"मी सांगितलं म्हणून कापायची? उद्या सांगेन गच्चीवरून उडी मार, मारशील?"

आणि मी हसले. हो, हसले. ते वाक्य ऐकून फस्सकन हसू आलं मला. काशीरामने माझ्याकडे पाहिलं. शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं तेव्हा, पण ती शरम आता येते, तेव्हा नाही आली.

बुधवारी तो पुन्हा आला, ह्या वेळी मालनला घेऊन. कापलेला तुकडा त्याने टाकला नव्हता. मिलमध्ये कापलेल्या चिंध्यांचंही वजन द्यावं लागायचं, त्यामुळे फेकणं त्याला माहीतच नव्हतं. भाताची पातळ खळ करून त्याने तो तुकडा नोटेला जोडला होता आणि दोन रात्री पाट्याखाली दाबून ठेवला होता. काय जोड होता! ह्यांनी भिंगातून पाहिला, मी नुसत्या डोळ्यांनी पाहिला. उजेडासमोर धरल्याशिवाय कळतच नव्हता.

"आता होयत मां, सायब?" मालनने विचारलं. काटकुळी बाई, पदर घट्ट आवळून धरलेला.

ह्यांनी सुस्कारा सोडला. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं माझ्या नवऱ्याने. "जोडलेली नोट कोण घेणार गं बाई? असली नोट जवळ ठेवायची म्हणजे लफडं आहे, पोलीससुद्धा विचारतील. पण जाऊ दे. शंभराची आहे, शंभर देतो. तुमचं नुकसान नको."

शंभराच्या नोटेचे शंभर! त्यावर काशीराम ह्यांच्या पाया पडला. मालन नाही पडली. ती माझ्याकडे बघत होती, की ही फॉर्म भरणारी बाई काही बोलते का. मी तिला चहा घेणार का विचारलं.

तीस तारीख शनिवारी आली. जानकी माझ्याकडे आपली मार्कशीट परत न्यायला आली, फॉर्मच्या फाइलमध्ये राहिली होती. मार्कशीटची घडी न घालता ती तशीच छातीशी धरून जिना उतरली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू गं. पुढचं वर्ष! कसली निर्लज्ज मी.

जुलैत ह्यांनी ती नोट विकली. मालाडला तयार कपड्यांचं दुकान असलेला चंद्रप्रकाश नावाचा एक नवशिका संग्राहक होता, पैसा भरपूर आणि घाई त्याहून भरपूर. आमच्या बैठकीत बसून त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटातली नोट पाहिली. "पाकिटातून काढू नका हं," ह्यांनी बजावलं, "बोट लागलं की किंमत उतरते." म्हणजे संग्राहकाचा जो नियम, त्याच्याच आड चोरी लपवली. अठ्ठावीसशे रुपये मोजून दिले त्याने, आणि माझ्या हातचा उपमा खाऊन वाहवा करून गेला.

गणपतीच्या आधी टीव्ही आला. दुकानाचा हमाल एकच होता, म्हणून दुसऱ्या बाजूला काशीराम लागला. तीन मजले चढवला दोघांनी. वर येऊन घाम पुसत त्याने खोक्याची उचकटलेली पट्टी सरळ कापून ठेवली आणि विचारलं, "रंगीत आसा?" मी हो म्हणाले आणि त्याच्या हातावर दोन रुपये ठेवले. त्याच आठवड्यात जानकी गावाला गेली. तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ तिचंही लावलं.

डिसेंबरात चंद्रप्रकाश पुन्हा आला, ह्या वेळी उपमा खायला नव्हे. पाकिटात पावसाळ्याची ओल गेली होती, आणि भाताच्या खळीवर कसर लागली होती. कसरीने जोड खाऊन टाकला. नोट एकीकडे, तिकोन एकीकडे. "कर्णिकसाहेब, तुमची वाट लावीन मी! फोर्टातल्या एकेका डीलरला दाखवतो ही नोट!" तो इतका ओरडत होता की जिन्यात लोक जमले. ह्यांचं नाव गेलं असतं. वीस वर्षांत जमवलेलं ते एकच नाव होतं ह्यांच्याकडे.

ह्यांनी गॅलरीतून हाक मारून काशीरामला वर बोलावलं. चंद्रप्रकाशसमोर, सेक्रेटरींसमोर, उत्तरासमोर विचारलं, "ही नोट मला तू दिलीस ना?"

"होय, सायब."

"जोड तू दिलास ना?"

"होय. पण तुमका..."

"मला सांगितलंस, जोड आहे म्हणून?"

काशीराम गोंधळला. "तुमच्याच समोर तर... सायब, तुम्ही भिंगातसून बघितल्यात. वयनी होती. वयनीक विचारा." आणि सगळे माझ्याकडे वळले. सेक्रेटरी म्हणाले, "काय हो वहिनी?"

टीव्हीवर क्रोशाचं कव्हर घातलेलं होतं, माझ्या हातचं. मी म्हणाले, "मी आत होते. मला काही ठाऊक नाही."

काशीरामने वाद घातला नाही, शपथ घेतली नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मी चंद्रप्रकाशला पाणी आणायला आत गेले. हप्त्याने पैसे फेडायचं ठरवून ह्यांनी त्याला वाटेला लावलं. वर "माणसावर विश्वास ठेवला ही माझी चूक" हेही ऐकवलं, आणि लोकांनी माना डोलावल्या. त्याच संध्याकाळी काशीरामला काढला. अर्ध्या महिन्याचा पगार दंड म्हणून कापला. कापला हो, आणि तो ठराव लिहून नोटीसबोर्डावर लावला, खालून फाटका, वाकडातिकडा.

जानेवारीत मालन आली. दुपारची वेळ, मी एकटीच. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. भांडुपची खोली सोडून दोघं गावाला चालली होती. तिकडे पोट कसं भरणार विचारलं, तर म्हणाली, "जावयाच्या बागेत राखणीक ऱ्हवतले ते."

जावयाच्या घरचं पाणी प्यायलाही जो बाप संकोचतो, तो आता जावयाचा गडी. हुकूम सोडणार तो सहदेव, आणि ते पाहणार जानकी. मी काहीतरी बडबडले, सगळं ठीक होईल वगैरे.

"वयनी," मालन म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "नोट इकलात ती इकलात. माझा चेडू पण इकलात."

मी आत गेले, डब्यातून पन्नासची नोट काढली आणि तिच्यापुढे धरली. मला वाटलं, फेकेल. तोंडावर फेकावी असं मनापासून वाटत होतं मला, म्हणजे निदान मला रडता तरी आलं असतं. पण एस.टी.चं तिकीट काढायचं होतं तिला. तिने नोट घेतली. मग जिन्याच्या खिडकीपाशी गेली, नोट उजेडासमोर धरली, चारी कोपरे बोटाने चाचपून पाहिले, उलटी करून पुन्हा चाचपले, आणि कुठे जोड नाही अशी खात्री झाल्यावरच कमरेला खोचली.